हिरे, मला दिसत होतं

हिरे, तू गेलीस त्याला सोळा दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना चालू असतं, घरी मेथी निवडताना चालू असतं. पूर्वी निदान तू उत्तर द्यायचीस. तोंड फिरवून का होईना, द्यायचीस. आता दोन्ही बाजूंनी मीच बोलते. त्यातही तुझी बाजू मांडताना माझा आवाज जास्त चढतो.

सगळे म्हणतात, हिरा किती गोड स्वभावाची होती. तू गोड नव्हतीस. माझ्या डब्यातलं ठेच्याचं भांडं न विचारता उचलायचीस, पत्त्यांत सरळ सरळ फसवायचीस आणि हरलीस की दोन दिवस कुणाशी बोलायची नाहीस. तशीच तू मला हवी आहेस.

तू पहिल्यांदा ग्राउंडवर आलीस तो दिवस मला आठवतो. कॉलेजच्या मागे सिमेंटचं ते एकच कोर्ट, भेगांतून गवत वर आलेलं. सर उंच मुलगी शोधत होते. कुणीतरी सांगितलं, होस्टेलवर तळेघरची एक आहे, दाराला डोकं आपटतं तिचं. तू आलीस, चप्पल काढून कडेला ठेवलीस, बराच वेळ रिंगकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "सर, ह्या टोपलीला बूड न्हाई." आम्ही सगळ्या हसलो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तुझ्या हातात बॉल दिला, तू टाचा न उचलता तो वर टाकलास आणि तो आत गेला.

मी गार्ड होते. पाच फूट उंची, मंचरजवळच्या शेतकऱ्याची पोर, रोज पहाटेच्या एसटीनं येणारी. सर मला सांगायचे, "सुमन, गार्डनं बॉलकडे बघायचं नसतं, बॉल हाताला कळतो. गार्डनं माणसं बघायची. कोण मोकळं आहे, कोण दमलंय, कोण घाबरलंय." मी ते मनावर घेतलं. पहिल्या दोन महिन्यांत मला चौघींच्या चाली पाठ झाल्या. शोभा, त्या कापडदुकानवाल्या मारवाडी घरातली, चिडली की डाव्या बाजूनं पळायची. बाकीच्या दोघी एकमेकींकडे बघत खेळायच्या. आणि तू रिंगखाली उभी राहून उजवा हात वर करायचीस. त्या हातात बॉल पोचवायचा की झालं, एवढं सोपं होतं माझं काम.

तुझा तो हात हळूहळू उशिरा वर यायला लागला, हे सगळ्यात आधी मला दिसलं.

थंडीच्या दिवसांत आपण ग्राउंडला फेऱ्या मारायचो. डोंगरातली पोर तू, लहानपणापासून शाळेसाठी रोज दोन डोंगर चढून-उतरून गेलेली. तू आम्हा सगळ्यांच्या पुढे असायला हवी होतीस. तू मागे पडायचीस. ओठ निळसर दिसायचे. विचारलं की म्हणायचीस, "गारठा हाय ना." होस्टेलचा जिना चढताना मधेच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचीस. पट्टा नीटच असायचा. तुझ्या खोलीतली मुलगी एकदा सहज बोलून गेली, "हिरा बसूनच झोपती, भिंतीला टेकून. आडवी झाली की तिला धाप लागती."

तू मला सांगितलं होतंस, लहानपणी एकदा ताप आला, दोन्ही गुडघे सुजले, मग मनगटं, मग कोपरं. अख्खा पावसाळा तू अंथरुणावर काढलास. आईनं कसला कसला पाला बांधला. सूज उतरली आणि सगळे म्हणाले, पोरगी वाचली. त्या तापानं आत काय करून ठेवलं होतं, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन फायनलच्या आधी तू कोर्टामागच्या नळावर गेलीस. मी तुझ्या मागून आले. तू खोकलीस, थुंकलीस आणि घाईनं पाण्याची धार त्यावर सोडलीस. धार पडायच्या आत मी पाहिलं. गुलाबी होतं.

"हिरे, हे काय?"

"काय न्हाई. दाताचं आसंल."

"दाताचं असं फेसाळ नसतं. मी सरांना सांगते."

तू माझं मनगट धरलंस. तुझी बोटं बर्फासारखी गार होती. "सुमे, सरांस्नी सांगितलंस तर मला खेळाय देणार न्हाईत. खेळ न्हाई तर होस्टेल बी काढून घेतील. मग बा येऊन मला घिऊन जाईल, नि पुढच्या वर्साला माझं लगीन. तुला चालंल?"

आपल्या सगळ्यांची फिटनेसची सर्टिफिकेटं एका डॉक्टरांनी एका बैठकीत सही करून दिली होती, आपल्याला न बघता. म्हणजे कागदावर तू ठणठणीत होतीस. मी अठरा वर्षांची होते. मी म्हणाले, "बरं. पण मी सांगेन तसं खेळायचं."

आणि मग मी आयुष्यातला सगळ्यात चांगला बास्केटबॉल खेळले. तुला पळावं लागू नये म्हणून मी गेम हळू केला. बॉल हातात घेऊन मी वरच्या बाजूला थांबायची, टप्पे देत राहायची, समोरच्या मुली वैतागायच्या. मी तुझ्या खांद्यांकडे बघत असायची. खांदे वरखाली व्हायचे थांबले की पास. तू वळायचीस, टाकायचीस, दोन गुण. पुन्हा मी थांबायची. आपण सात गुणांनी जिंकलो. सर सगळ्यांपुढे म्हणाले, "सुमननं गेम काय थंड डोक्यानं सांभाळला! याला म्हणतात टीमवर्क."

त्या वाक्यानं माझी छाती फुगली होती, हिरे. आज लिहिताना लाज वाटते. मी तुझे श्वास मोजत होते आणि त्यावर मला शाबासकी मिळाली. टेम्पोत बसून आपण गावभर मिरवलो, तुझ्या केसांत गुलाल. वर्तमानपत्रातल्या फोटोत सगळ्या उभ्या आहेत आणि सगळ्यात उंच तूच तेवढी खाली बसली आहेस. जिंकलो म्हणून कुणी विचारलं नाही की ही का बसली. हरलो असतो तर सरांनी एकेकीला पुढ्यात घेऊन झाडलं असतं आणि त्यात कदाचित तुझं दुखणंही बाहेर आलं असतं.

दुसऱ्या वर्षी तू भातलावणी करून परत आलीस ती वाळलेली. फक्त पाय तेवढे भरलेले दिसत होते. मी बोटानं दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यानंतर मी रोज भांडले. दवाखान्यात चल. तू म्हणायचीस, स्पर्धा झाली की जाऊ. मी म्हणायची, आज. तू म्हणायचीस, "सुमे, आपुन दोघीच हाय ना? मग तिसऱ्या कानाला कशाला?"

पुन्हा फायनल. समोर तोच संघ. शेवटची दोन मिनिटं, आपण एका गुणानं पुढे. बॉल माझ्या हातात. मी तुझ्याकडे बघितलं. तू रिंगखाली उभी होतीस आणि तुझे दोन्ही हात खाली होते. तू माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठंतरी बघत होतीस, जणू कुणी दुसरंच तुला बोलावत होतं. तुझ्या ओठांचा रंग मला अर्ध्या कोर्टावरून दिसला.

मी बॉल लाइनबाहेर फेकला. मुद्दाम. शिट्टी वाजली, बॉल त्यांचा झाला. प्रेक्षकांत कुणीतरी शिवी घातली. मी सरांकडे पळाले. "सर, टाइम-आउट घ्या. हिराला बाहेर काढा. तिच्या छातीत काहीतरी आहे. मागच्या वर्षीपासून आहे."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. ते म्हणाले, "मागच्या वर्षीपासून?"

तुझ्या जागी बेंचवरची एक मुलगी आत आली, रिंगखाली शोभा गेली. त्यांनी बास्केट केलं. शेवटचा बॉल शोभाकडे आला, तिनं मारला, तो रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. आपण एका गुणानं हरलो. तू बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होतीस. शेवटच्या शिट्टीनंतर उठायला गेलीस आणि जमिनीवर कोसळलीस.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहानपणीच्या त्या तापानं हृदयातली एक झडप आकसून सुईच्या भोकाएवढी झाली होती. जांघेतून तार घालून, फुगा फुगवून त्यांनी ती मोकळी केली. तुझ्या आईला सांगितलं, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन, कायम. खेळ बंद. लग्न करा हवं तर, पण मूल होऊ द्यायच्या आधी आमच्याकडे या. विचारल्याशिवाय नाही. आई मान हलवत होती. मी दारात उभी होते.

तू शुद्धीवर आल्यावर मला म्हणालीस, "तू मला भाईर बसवलंस."

"जिवंत आहेस तू."

"तुला इचारलं व्हतं कुणी?"

नंतर दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. कॉलेज सोडलंस. तुझ्या बानं तुला नेलंच, तू म्हणाली होतीस तसं. मी पाठवलेली पत्रं परत आली नाहीत आणि उत्तरंही आली नाहीत.

तुला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसांत शोभासुद्धा माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, मी मॅच घालवली म्हणून. एके दिवशी तिनं मला स्टँडवर गाठलं. "मॅचचं सोड गं," ती म्हणाली. "तू वर्षभर एकटीनं ठरवत राहिलीस. आम्हाला सांगितलं असतंस तर सगळ्यांनी मिळून तिला उचलून नेलं असतं, पहिल्याच वर्षी. माझे काका गेले असते सरांकडे, तिच्या बापाकडे. तू आम्हाला फक्त पास दिलेस, सुमन." आपण दोघींनी जे जपलं त्याला मी टीम समजत होते. बाकीच्या तर त्यात नव्हत्याच.

मग तुझं लग्न झालं, ओतूरच्या पलीकडे, टोमॅटो-कांद्याच्या घरात. मला आमंत्रण नव्हतं. आणि लग्नानंतर तीन महिन्यांनी, मधल्या सुट्टीत, माझ्या शाळेच्या फाटकाशी तू उभी! नारायणगावच्या बाजारातून आलेली, हातात पिशवी. "भांडाय आलेय," म्हणालीस. मी तुला मिठी मारली तेव्हा तू दोनदा म्हणालीस, "सोड, पोरं बघत्यात."

त्या दिवशी कळलं की सासरी कुणाला काही माहीत नाही. सोयरीक मोडू नये म्हणून तुझ्या आईनं झाकलं होतं आणि तुलाही गप्प बसायला सांगितलं होतं. तू इंजेक्शनासाठी बाहेर पडायचीस ती मैत्रिणीला भेटायला जाते असं सांगून. मी ती मैत्रीण झाले. दर तिसऱ्या आठवड्याला आपण दोघी नारायणगावच्या दवाखान्यात जायचो, मग स्टँडसमोर भेळ खायचो. इंजेक्शनानं कंबर ठणकायची, तुला बसवत नसायचं, उभ्यानंच खायचीस. आणि तोच वाद. तू म्हणायचीस, मला बाहेर काढलं नसतंस तर जिंकलो असतो. मी म्हणायची, तू तिथंच पडली असतीस. तू म्हणायचीस, "पडले आस्ते, पर बॉल टाकून पडले आस्ते." आणि हसायचीस. हिरे, ती चार वर्षं मला मिळाली, त्यासाठी मी कुणाचे आभार मानू? तुझेच मानते. फाटकाशी तू आलीस, मी नव्हते आले तुझ्याकडे.

या वर्षी तू दोन वेळा आली नाहीस. तिसऱ्या वेळी आलीस तेव्हा साडीचा पदर पुढे घेतला होतास. मी बघितलं आणि भेळेचा कागद हातातून खाली ठेवला.

"कितवा?"

"चौथा लागलाय."

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय?"

"मला आठवतंय. सासूला कसं आठवंल? तिला ठावंच न्हाई. चार वर्सं झाली, सुमे. रोज तिचं तोंड बघायचं मला."

"इंजेक्शन?"

"सुटलं दोनदा. घेईन."

"मी दाजींना सांगते. आज सांगते."

तू पिशवी उचललीस. तुला धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "येकदा सांगितलंस. दोन वर्सं गेली आपली. आता सांगितलंस तर मी हाय तवर बोलणार न्हाई. आन ह्या बारीला मला म्हाईत हाय मी काय करतेय."

मी तुझ्याकडून पुण्याला दाखवायचं कबूल करून घेतलं. सहाव्या महिन्यात जाऊ म्हणालीस. मी घरी आले. तुझ्या नवऱ्याच्या मोबाइलचा नंबर माझ्या वहीत होता. दोनदा मी तो फिरवला आणि घंटा वाजायच्या आधी ठेवला. एकदा खरं बोलून मी तुला दोन वर्षं घालवलं होतं. पुन्हा घालवायची माझी छाती नव्हती. इतकंच कारण आहे, हिरे. तुझं भलं वगैरे काही नाही. मला तू हवी होतीस, म्हणून मी गप्प बसले.

सहाव्या महिन्यात तू पुण्याला गेली नाहीस. सातव्यात बाळंतपणासाठी माहेरी गेलीस. तुझ्या वाडीला रस्ता नाही, फोन नाही. मी तळेघरच्या दुकानात फोन करून निरोप ठेवायची. उत्तर यायचं, बरी हाय. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, "बाई, बरी हाय म्हणत्यात, पर पाय लई सुजल्यात म्हणं." मी शनिवारी यायचं ठरवलं. तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी तुला घोंगडीच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. जीप मिळाली. तू बसून होतीस, आडवं होऊ देत नव्हतीस. घोडेगावचा दवाखाना दिसायच्या आत तू गेलीस. पोटातली पोरही गेली. मुलगी होती. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी पाढे घेत होते, आणि कितीतरी वेळ मुलं आपोआप पुढे म्हणत राहिली.

तेराव्याला मी तुझ्या सासरी आले. दुपारी तुझी आई घरामागे सुपात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले. ठरवून आले होते, म्हणून लगेच बोलले. "मावशी, मला माहीत होतं. चौथ्या महिन्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही."

तिनं मान वर केली नाही. खडे वेचत म्हणाली, "मला तिसऱ्यापासनं ठाव व्हतं, पोरी. दागदर काय बोलला व्हता त्ये बी ठाव व्हतं. बोलले आस्ते तर पोरीला घरला धाडली आस्ती." आणखी एक खडा फेकून म्हणाली, "तिच्या सासूला बी हिच्या काळजाच्या गोळ्या घावल्या व्हत्या, दोन वर्सामागं. आज सकाळी माझ्या गळ्यात पडून सांगत व्हती. नातू हुईल म्हून ती बी गप ऱ्हायली."

म्हणजे, हिरे, सगळ्यांना माहीत होतं. जो तो तुझ्याकडे बघत होता, आणि जो तो समजत होता की आपण एकटेच बघतोय.

तेवढ्यात तुझा नवरा मागच्या बाजूला आला. डोक्याचा चकोट, दाढी नाही, चेहरा एकदम पोरासारखा दिसत होता. माझ्यापासून लांब, दगडावर टेकला. "ताई," तो म्हणाला, "तुमी तिच्या जिवाभावाच्या. घोडेगावचा डॉक्टर काहीतरी हृदयाचं बोलत होता. मला काय उमजलं नाय. चांगली हिंडती-फिरती होती ना ती? काय झालं व्हतं तिला?"

तुझ्या आईचे हात सुपावर थांबले. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी तिच्याकडे पाठ केली आणि त्याला सगळं सांगितलं. तापापासून सुरुवात केली. नळावरचं सांगितलं, हरलेली मॅच सांगितली, डॉक्टरांनी काढलेलं चित्र त्या दगडापाशी मातीत काडीनं काढून दाखवलं. इंजेक्शनाचे ते सगळे दिवस, ती भेळ, चौथ्या महिन्यातलं आपलं भांडण. मला वाटलं, आता ओरडेल, तुझ्या आईवर धावून जाईल, निदान मला चालती हो म्हणेल. माझी तयारी होती.

तो त्या मातीतल्या चित्रावर वाकला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी तिला सोडली असती, असं वाटलं व्हय तुमाला?"

मी तोंड उघडलं. वाटलं होतं म्हणावं, तर ते खोटं ठरलं असतं. नव्हतं वाटलं म्हणावं, तर मग इतकी वर्षं आपण काय केलं? हिरे, तुझ्याकडे याचं उत्तर असेल तर दे मला. चार वर्षं आपण त्या स्टँडवर उभं राहून तुझ्या सासूबद्दल बोललो, आईबद्दल बोललो, हरलेल्या मॅचबद्दल बोललो. त्याच्याबद्दल एक शब्द कधी बोललो का? तो माणूस कसा आहे, हे मी तुला विचारलं नाही आणि तू मला सांगितलं नाहीस.

तो उठला. "पुण्याला मी तिला खांद्यावर घिऊन गेलो असतो, ताई," एवढंच म्हणाला, आणि पंगतीत पाणी वाढायला परत गेला.